हॉटेलात राबणाऱ्याला घर चालेल एवढा पगार का द्यायचा? खान्देशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडच्या काही हॉटेलांचे, धाब्यांचे, मेसचे हिशोब मी लिहितो. त्यामुळे गल्ल्यावर बसलेला शेठ काय म्हणतो ते पण ऐकतो आणि मागं मोरीवर भांडी घासणारी मावशी काय म्हणते ते पण. पगारवाढीचा विषय निघाला की दोन्हीकडून ठरलेले प्रश्न येतात, ठरलेली भांडणं होतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. माझं मत काय ते लपवणार नाही, पहिल्याच उत्तरात कळेल.

एका शब्दात सांग, हक्क आहे का नाही?

आहे. आणि हे मी शेठ लोकांचे हिशोब लिहून सांगतोय, मोर्चात घोषणा देऊन नाही. बारा तास दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या माणसाच्या घरी महिनाअखेरीला किराणा उधार आणावा लागत असेल तर तो पगार कुठंतरी चुकतोय, एवढं साधं आहे.

किमान वेतन तर देतोच आम्ही, मग हे निर्वाह वेतन काय नवीन काढलं?

पहिली गोष्ट, "देतोच" म्हणणारे सगळे देत नाहीत, ते रजिस्टर मी बघतो म्हणून मला माहितीय. सहीच्या कॉलमला एक आकडा आणि हातात दुसरा, हे काही नवीन नाही.

दुसरी गोष्ट, नवीन काही नाहीच. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, त्याच काळात न्याय्य वेतनावर एक समिती बसली होती, तिनं तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली किमान वेतन, मध्ये न्याय्य वेतन आणि वर निर्वाह वेतन, ज्यात माणूस नुसता जगत नाही तर पोरं शिकवतो, आजारपण काढतो, म्हातारपणाला दोन पैसे ठेवतो. घटनेच्या कलम ४३ मध्ये तर कामगाराला निर्वाह वेतन मिळावं यासाठी राज्यानं झटावं असं लिहिलेलंच आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही, पण कागदावर येऊन पाऊणशे वर्षं झाली. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पण निर्वाह वेतन म्हणजे काय यावर सगळ्यांना बसवून एकमत करून घेतलं, आणि त्यात मालकांचे प्रतिनिधी पण होते बरं का, नुसते युनियनवाले नव्हते.

"घर चालेल एवढा" म्हणजे नक्की किती? ज्याला त्याला आपलं घर मोठंच वाटतं.

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला बरोबर उत्तर पण आहे, फक्त कोणी ते वाचत नाही.

१९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या बैठकीत सूत्र ठरलं. एका कमावणाऱ्यामागं तीन खाणारी तोंडं धरायची (नवरा, बायको आणि दोन लेकरं मिळून तीन युनिट, बायकोला नवऱ्यापेक्षा कमी धरलंय, त्यावर आमच्या घरात वेगळं भांडण होईल). माणशी २७०० कॅलरी. चौघांच्या घराला वर्षाला ७२ वार कापड. वर घरभाडं, आणि सरपण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढं सुप्रीम कोर्टानं रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की यात पोरांचं शिक्षण, दवाखाना, लग्नकार्य, सणवार, म्हातारपण यांच्यासाठी आणखी २५ टक्के धरा.

आता गंमत बघा. सातव्या वेतन आयोगानं सरकारी नोकरीतल्या सगळ्यात खालच्या माणसाचं मूळ वेतन १८,००० रुपये ठरवलं ते २०१६ पासून, आणि ते ठरवताना हेच १९५७ चं सूत्र घेतलं. म्हणजे कलेक्टर ऑफिसातल्या शिपायाच्या लेकराला किती कॅलरी लागतात ते सरकारनं मोजून पगार काढला, आणि त्याच ऑफिसात दिवसातून चार वेळा चहा घेऊन जाणारा जो आहे, त्याच्या लेकराला पण तेवढ्याच कॅलरी लागतात ना भाऊ? शिपायाला जास्त मिळतं असं मी म्हणतच नाहीये, त्याला मिळतं ते मोजून मिळतं आणि चहावाल्या पोराला मिळतं ते शेठच्या मूडवर, एवढंच म्हणतोय.

हॉटेलवाल्यांना १८ हजार ऐकून घाम फुटतो म्हणून दुसरा आकडा सांगतो. २०१९ मध्ये केंद्राच्याच एका तज्ज्ञ समितीनं, अनुप सत्पथी अध्यक्ष होते, देशभरासाठी कमीत कमी रोज ३७५ रुपये सुचवला. म्हणजे २६ दिवसांचे ९,७५० रुपये. यात कॅलरी पण कमी करून २४०० धरलेल्या, आणि भाव जुलै २०१८ चे. तेव्हापासूनची महागाई धरली तर तोच रोज आज ५०० च्या वर जातो. आणि तेव्हा सरकारनं प्रत्यक्षात काय केलं? २०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा किमान रोज १७६ होता, तो १७८ केला. दोन रुपये.

पण आम्ही दोन टाईम जेवण देतो, झोपायला जागा देतो, ते नाही का धरायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हायवेवरच्या एका धाब्याची पगाराची वही माझ्यासमोर असते. दोनशे पानी, कव्हरवर हळदीचे डाग. एका पानावर एक माणूस. वर नाव, गाव, खाली तीन रकाने, हजेरी, खाडा, उचल. गाव बघायचं तर नंदुरबारकडचं धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, एखादा मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचा. एका पोराच्या पानावर उचलीच्या रकान्यात असं लिहिलेलं, "घरी पाठवले", "घरी पाठवले", "दवाखाना आई", "घरी पाठवले", "चप्पल". पूर्ण महिन्यात स्वतःसाठी घेतलेली गोष्ट एकच, चप्पल. महिना संपेपर्यंत हातात येणारी बाकी एवढी कमी की पुढच्या महिन्याची उचल पहिल्याच आठवड्यात सुरू.

तर जेवण. तो पोरगा धाब्यावर शेवभाजी-भाकरी पोटभर खातो, मान्य. पण १९५७ च्या हिशोबात खाणारी तोंडं तीन आहेत, धाब्यावर जेवतं फक्त एक. बाकीची दोन धडगावला बसलेली आहेत, त्यांच्या ताटात तुमची शेवभाजी जात नाही. आणि झोपायची जागा म्हणजे काय तर रात्री साडेबाराला शेवटचं गिऱ्हाईक उठलं की दोन टेबलं जोडायची आणि त्यावर गोधडी टाकायची, सकाळी सहाला दूधवाला आला की उठायचं. ती जागा तुम्ही त्याला देताय का तो फुकट वॉचमनकी करतोय, याचा पण एकदा हिशोब करा. धाब्यात रात्री चोरी झाली तर पहिल्यांदा कोणाला विचारता?

जेवणाची किंमत वाजवी लावून ठरल्याप्रमाणे धरली, वहीत लिहिली, त्याला सांगितली, तर एक वेळ बोलता येईल. पण "जेवण देतो ना" म्हणून पगारच अर्धा सांगायचा हे चालणार नाही.

तासांचा काय हिशोब? हॉटेल लाईनमध्ये घड्याळ नसतं.

गिऱ्हाईकाला घड्याळ नसतं, कामगाराला असतं. आठवड्याला ४८ तास ही साधी मर्यादा, त्याच्यावर ओव्हरटाईम आणि तो दुप्पट दरानं, आठवड्याला एक सुट्टी. आपल्याकडं बारा तास आणि सातही दिवस सर्रास चालतं, म्हणजे ८४ तास. त्यातले ३६ तास डबलचे, म्हणजे ७२. एकूण १२० तासांची मजुरी निघते आठवड्याला आणि आपण देतो महिन्याची बोली ठरवून. मोरीवरच्या मावशीला ९ हजार देत असाल आणि ती बारा तास, तीसही दिवस येत असेल तर तासाला २५ रुपये पडले. तुमच्या मेनूवर २५ रुपयांत काय मिळतं ते बघा. माझ्या माहितीतल्या बऱ्याच ठिकाणी पाण्याची बाटली आणि पापड, एवढंच.

बोलायला सोपं आहे, धंद्यात परवडत नाही हो.

बरं, मग आकड्यातच बोलू. समजा थाळी १२० ची, दिवसाला २०० थाळ्या जातात, माणसं सहा. सहाही जणांचा रोज १५० नं वाढवला तर खर्च वाढला ९०० रुपये. भागिले २००. थाळीमागं साडेचार रुपये. शेंगदाणा तेल वाढलं, कांदा वाढला, सिलेंडर वाढलं की तुम्ही मेनूवर स्टिकर चिकटवून १२० चे १३० करताच ना, तेव्हा गिऱ्हाईक कुरकुरतं आणि जेवतं. तेलवाल्याला कोणी म्हणत नाही की परवडत नाही, कमी घे. पगाराच्या वेळीच परवडत नाही आठवतं, कारण तेलवाला उधार बंद करतो आणि पोरगा काहीच करू शकत नाही.

ज्याच्याकडं दिवसाला ४० थाळ्या आणि तीन माणसं आहेत, बायको स्वतः भाकरी थापते, त्याचा प्रश्न खरंच वेगळा आहे. तिथं थाळीमागं अकरा-बारा रुपये पडतात आणि शेजारचा गाडीवाला ८० ला देतोय. अशा मालकाची ओढाताण मी रोज बघतो, त्याची स्वतःची कमाई पण कधी कधी आचाऱ्यापेक्षा कमी असते. पण म्हणून ओझं सगळ्यात खालच्यानं उचलायचं हे उत्तर नाही. जागेचं भाडं, ॲपवाल्यांचं कमिशन, यावर मालकांनी एकत्र येऊन बोलावं, तिथं कोणी बोलत नाही. आणि कायदा तर सरळ आहे, १९६१ मध्येच सुप्रीम कोर्टानं उन्नीचोयी विरुद्ध केरळ सरकार या केसमध्ये सांगितलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये तर त्याच्यापुढं जाऊन म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी झाली. आता निर्वाह वेतन किमान वेतनाच्या वर असतं, ते या निकालांमुळं लगेच द्यावं लागेल असं नाही, पण निदान खालची पायरी तरी पक्की करा.

पगार वाढले की मालक माणसं कमी करेल, मग नुकसान कोणाचं?

ही भीती खोटी नाही पण जेवढी सांगतात तेवढी मोठी पण नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही. कार्ड आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची बर्गर-फिर्गरची फास्ट फूड हॉटेलं आधी आणि नंतर तपासली, १९९४ ला पेपर छापला, आणि न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. त्यावर दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी बरीच हरकत घेतली, वाद अजून चालू आहे, पण कार्डला २०२१ मध्ये नोबेल मिळालं. तिकडं २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी १५ डॉलरसाठी संप सुरू केला तेव्हा लोक हसले होते, एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या साखळीवाल्या फास्ट फूड कंपन्यांना तासाला २० डॉलर द्यावे लागतात.

अमेरिकेचं अमेरिकेत. आपल्याकडं उलटंच दिसतं, माणूस मिळत नाही म्हणून शेठ रडतो. भुसावळहून गाडीत बसला की पोरगा सुरतला उतरतो, तिथं साडीच्या कारखान्यात नाहीतर तिथल्याच हॉटेलात जास्त मिळतं, तो इथं कशाला थांबेल? दर दोन महिन्यांनी नवीन पोरगा आणायचा, त्याला शिकवायचं, तोपर्यंत ग्लास फुटायचे, ऑर्डरी चुकायच्या, हा खर्च कोणाच्याच वहीत लिहिलेला नसतो.

हे काम कोणीही करू शकतं, त्यात काय कौशल्य?

मग या एकदा थंडीत भरीत करायला. बामणोदची हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायची, साल करपली पाहिजे पण आतला गर धुरकट कडू नाही झाला पाहिजे, कधी पलटायचं ते हाताला कळतं. मग गरम असतानाच सोलायची, बोटं भाजतात, थंड होऊ दिली तर साल चिकटते. मग लाकडी बडजीत मिरची-लसणासोबत ठेचायचं, पातीचा कांदा, शेंगदाणे, फोडणी. पन्नास किलो वांग्याचं भरीत करणारी बाई सकाळी चारला जाळ लावते. आणि खापरावरचे मांडे? पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पातळ करत नेतात आणि उलट्या खापरावर अलगद टाकतात. ज्याला वाटतं कोणीही करू शकतं त्यानं एक मांडा टाकून दाखवावा, फाटला नाही तर माझ्याकडून बक्षीस.

सरकारच्या दरपत्रकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. आचारी, कारागीर, तंदूरवाला यांना "हेल्पर" लिहून अकुशलचा दर लावणं ही हिशोबातली जुनी युक्ती आहे. मला पण सांगतात असं लिही म्हणून.

आमच्या केळीला भाव नाही, कापसाला भाव नाही, शेतकरी मरतोय आणि तुम्हाला वेटरची पडली?

हा प्रश्न रावेर-यावलकडून हमखास येतो आणि तो रागानं येतो, राग बरोबर आहे. पण वेटर कोण आहे हो? बहुतेक वेळा दोन एकर कोरडवाहूवाल्याचाच पोरगा आहे. शेतकरी हमीभाव मागतो म्हणजे काय मागतो, तर खर्च निघून घर चालेल एवढा भाव. हा पण तेच मागतोय, त्याच्याकडं विकायला केळी नाही, दिवस आहे. रोजगार हमीचा सरकारी दर २०२५-२६ ला महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. बारा तास भट्टीजवळ उभं राहून ३०० सुटत असतील तर शेतात आणि हॉटेलात सारखीच थट्टा चालू आहे.

टिप मिळते ना त्यांना?

वेटरला मिळते. भाकऱ्या थापणारीला, कांदे चिरणाऱ्याला, भांड्यांवाल्या मावशीला कोण टिप देतं? आणि धाब्यावर ट्रकवाला दहा रुपये ठेवून जातो, त्याच्यावर घराचं भाडं निघत नाही. टिप खुशीची, पगार हक्काचा, दोन्ही एका डब्यात टाकू नका.

बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावून "तो स्टाफला जातो" म्हणणारी मोठी हॉटेलं पण आहेत. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ते असं सक्तीनं लावायला बंदी केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती कायम ठेवली. द्यायचेच असतील तर माणसाच्या हातात द्या.

आमच्याकडचा पोऱ्या १३ वर्षांचा आहे, त्याला पण हाच दर का?

त्याला दर नाही, त्याला शाळा. १४ वर्षांखालच्या पोरांना धाबा-हॉटेलात ठेवायला ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कोणीही फोन करू शकतं, तुमच्या शेजारचा हॉटेलवाला पण.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताया यात येतात का?

यायलाच पाहिजेत, पण सरकार त्यांना कामगार धरतच नाही, मानधनावर ठेवतं. केंद्रानं २००९ मध्ये महिन्याला १,००० रुपये ठरवले आणि तेही वर्षातले दहाच महिने, त्यात राज्यं आपापली भर घालतात. योजनेचं नाव बदलून पीएम पोषण झालं, तो आकडा हलला नाही. दुसऱ्यांना निर्वाह वेतनावर उपदेश करायला सरकारला तोंड कुठंय, असं शेठ लोक म्हणतात तेव्हा माझ्याकडं उत्तर नसतं.

उचल घेऊन पोरं पळून जातात, तेव्हा तुम्ही येता का?

नाही येत. आणि होतं हे, खरंच होतं, सारंगखेड्याच्या यात्रेला जातो म्हणून गेलेला पोरगा परत येत नाही. पण उचल एवढी का लागते ते बघा, पगारात महिना निघत नाही म्हणून. ज्या दोन-तीन ठिकाणी पगार बरा आणि दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत खात्यावर जातो, तिथल्या वहीत उचलीचा रकाना जवळपास कोरा असतो.

पगार कमी दिला किंवा बुडवला तर जायचं कुठं? एका पोराला विचारलं तर म्हणे, "मालकले इचार, माले काय इचारस."

जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार आयुक्तालयाचं ऑफिस असतं, तिथं अर्ज करता येतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, तिच्यात काही कामाच्या गोष्टी आहेत. किमान वेतन आता ठरावीक यादीतल्याच धंद्यांना नाही तर सगळ्यांनाच लागू, कामावरून काढलं किंवा सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा, आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी किमान वेतनासाठी सहाच महिने होते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, बायांना आणि आदिवासींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अडचण कागदाची येते. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. म्हणून रोजची हजेरी स्वतःच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवा, वहीच्या आपल्या पानाचा फोटो काढा, शेठनं फोनपेवर टाकलेले पैसे डिलीट करू नका. महाराष्ट्रात मूळ दर अधिक विशेष भत्ता असं वेतन बनतं आणि तो भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, चालू दर ऑफिसात विचारून घ्या, दोन वर्षांपूर्वीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

शेतात भरीत पार्टी ठेवलीय, स्वयंपाकाला बाया बोलवायच्या, किती द्यायचे?

आधी ठरवा, जेवणं झाल्यावर नाही. मंडळी सत्तर आहेत आणि "पस्तीस-चाळीस येतील" असं सांगून बोलावू नका, त्या बायांना पुऱ्या लाटताना कळतं सगळं. शेतमजुरीचा चालू रोज हा खालचा आकडा धरा, पहाटेपासून रात्रीपर्यंत असेल तर दीड-दोन रोज होतात. उरलेलं भरीत डब्यात भरून देताय तर जरूर द्या पण ते पैशातून कापू नका. आणि रात्री त्यांना गावापर्यंत सोडायची गाडी कोणाची, ते पण आधीच ठरवा, कारण दहा वाजता सगळे म्हणतात माझी गाडी फुल आहे.